तोंडात टाचण्या

९ जानेवारी

दादा,

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र मिळालं. जाड गुळगुळीत कागद, वर तुझं नाव सोनेरी अक्षरात, आणि सुरुवात 'आदरणीय ताई' अशी. आदरणीय! सख्ख्या भावाने इतक्या वर्षांत एक ओळ खरडली नाही, आणि त्याची पगारी बाई मला आदरणीय म्हणते. फाडून टाकणार होते. पण कागद चांगला निघाला, कॉलरचा नमुना कापायला घेतलाय.

तिने दोन गोष्टी मागितल्यात. आईच्या गुणगुणण्याची कॅसेट आणि आई ज्याच्यावर कपडे चढवून बघायची तो लाकडी पुतळा. पुढच्या महिन्यात तुझा सत्कार आहे म्हणे. तुझी ती गाजलेली रचना, 'मुकी', पुन्हा वाजणार, सगळ्या वादकांसकट. पडदा उघडण्याआधी अंधारात आईचा खरा आवाज ऐकवायचा, आणि मग पुतळ्यावर एकच दिवा सोडायचा. व्वा रे व्वा. जिवंतपणी आईला भेटायला सवड झाली नाही, आता लाकडाची आई उजेडात उभी करणार!

कॅसेट माझ्याकडे आहे हे तुझ्या बरोबर लक्षात राहिलं. मग बाबा गेले तेही लक्षात असेल. निरोप मीच कळवला होता, आणि याच बाईने तो घेतला होता. 'सर दौऱ्यावर आहेत' म्हणाली. सरांचा दौरा अजून संपलेला दिसत नाही.

तुला कॅसेट द्यायची की नाही ते पुढे बघू. आधी तू काय करून ठेवलंस ते ऐक, कारण तू ते बघायला इथे नव्हतास.

त्या मासिकातल्या मुलाखतीत तू म्हणालास, 'माझे वडील शिंपी होते. बंद दाराआड ते आईवर ओरडायचे. तोंड उघडू नको म्हणायचे. तिला बोलायची परवानगी नव्हती, ती फक्त गुणगुणायची. ते गुणगुणणं म्हणजे तिचं रडणं होतं. त्या रडण्यातून मी मुकी रचली.' लोकांनी डोळे पुसले. तुला मोठमोठी पत्रं आली असतील. पण मासिकं आपल्या गल्लीतही येतात रे दादा.

बँकेतल्या मॅडम आठवतात? शाळेच्या गणवेशापासून त्यांचा प्रत्येक कपडा बाबांनी शिवला. मुलाखत आली त्या आठवड्यात त्या कोटाचं माप द्यायला आल्या. बाबा पट्टी घेऊन पुढे झाले आणि मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. बाबा तिथेच थांबले, पट्टी परत गळ्यात टाकली आणि मला म्हणाले, 'तू घे गं माप.' त्यानंतर त्यांनी कुणाचंच माप घेतलं नाही. मरेपर्यंत काज आणि बटणं करत बसले, मागच्या खोलीत, गिऱ्हाईक आलं की आणखी आत सरकून. शेजारचे घड्याळवाले काका रोज चहाला यायचे, तेही यायचे बंद झाले. बाबा दोन कप भरायचे आणि मग दुसरा स्वतःच प्यायचे.

मी त्यांना कितीदा म्हटलं, चला, आपण त्या मासिकाला लिहू. ते म्हणायचे, 'त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं.' असं म्हणून सुईत दोरा ओवायला लागायचे.

त्यांनी तुला सोडलं असेल. मी नाही सोडणार. कॅसेट हवी असेल तर सत्काराच्या दिवशी माईकवर दोन वाक्यं बोलायची. 'मी दाराबाहेर होतो. आत काय चाललं होतं ते मला माहीत नाही.' एवढं बोललास की कॅसेट तुझी. नाही बोललास तर मी काय करीन ते अजून ठरलेलं नाही, पण तुला सुखाने टाळ्या घेऊ देणार नाही हे ठरलेलं आहे.

तुझी बहीण,
जिला तू टाचणी म्हणायचास


२२ जानेवारी

दादा,

या वेळी स्वतःच्या हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कलंडलेलं. बघून क्षणभर बरं वाटलं, मग वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

'मी ऐकलं तेच लिहिलं. ऐकलेलं खोटं कसं असेल?'

ऐकलंस कुठून ते विसरलास वाटतं. तुला कामाच्या खोलीत बंदी होती! आणि ती काही बाबांनी जुलूम म्हणून घातली नव्हती. तू गृहपाठ अर्धा टाकून आत आलास आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर दोन्ही हात टेकलेस. शाईचे पंजे, पाचही बोटांसकट. आई आणि बाबांनी तो सबंध पुढचा भाग उसवून नवा लावला, पदरच्या कापडाचा. त्या दिवसापासून तू बाहेर आणि दार बंद. मला मात्र आत जायला मिळायचं, कारण मी लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचे. म्हणून तर तू मला चिडून टाचणी म्हणायला लागलास. हे सगळं तुझ्या मुलाखतीत कसं काय आलं नाही?

तर दाराच्या त्या बाजूला काय होतं ते आता मी सांगते. तिथे एक बाई होती, जिच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या. ओठांत डोकी बाहेर काढून धरलेल्या, मिशा फुटल्यासारख्या. कपडा पुतळ्यावर चढवायचा, एकेक टाचणी ओठांतून काढायची आणि लावायची. शिवणारी प्रत्येक बाई हेच करते, मीही करते. टाचण्या तोंडात असताना बोलता येत नाही, दादा. बोललं तर टाचणी घशात जाते. आईची आत्या अशीच टाचणी गिळून मरता मरता वाचली होती, म्हणून बाबांना त्या गोष्टीची धास्ती. आई बोलायला गेली की ते ओरडायचे, 'तोंड उघडू नको!' त्यांचा आवाज मोठा होता हे खरं. जन्मभर मशीनच्या खडखडाटात बोलणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो. मशीन बंद असलं की ते इतकं हळू बोलायचे की जवळ जावं लागे. पण हळू बोललेलं दाराबाहेर कसं पोचणार? तुझ्यापर्यंत पोचायचं ते सगळं मोठ्याने बोललेलं.

आई रडत नव्हती. ती उत्तरं देत होती. बाबा विचारायचे आणि ती ओठ मिटून हुंकार द्यायची. त्या दोघांचं सगळं बोलणं तसंच चालायचं. कोणता हुंकार म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तुला आज सांगणार नाही.

आणखी एक ऐक. तुझी मुकी रेडिओवर पहिल्यांदा लागली तेव्हा बाबा आणि मी दुकानात होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी बंद करायला उठले तर म्हणाले, 'राहू दे.' सबंध ऐकलं त्यांनी. आणि ऐकताना ते हसले, दादा. खुदकन, खांदे हलवत हसले. तुझ्या ज्या भागाला हॉलमधले लोक हुंदके देतात, नेमके त्या भागाला. मग शेवट आला तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. तीही मी सांगणार नाही. ती मी राखून ठेवली आहे, आणि कधी वापरायची ते मी ठरवीन.

टाचणी


३ फेब्रुवारी

दादा,

काय पण उत्तर दिलंस! 'टाचण्या होत्या हे मान्य. पण त्या तोंडात धरून गुडघ्यावर कोण बसलं होतं, आणि उभं कोण होतं?'

अरे, गुडघ्यावर बसल्याशिवाय झग्याचा घेर टाचता येतो का? झाडावर चढून टाचू का? मीही आत्ता गुडघ्यावरून उठूनच तुला लिहायला बसले आहे. मलाही तुझ्या एखाद्या रचनेत घाल, 'लंगडी' म्हणून.

आणि तो विषय तूच काढलास म्हणून सांगते. उभे बाबा होते, बरोबर आहे तुझं. स्टुलावर उभे होते. लग्नाचा झगा घालून! ज्या दिवशी तू घर सोडलंस, त्याच दुपारची गोष्ट. नवरीला ऐन वेळी ताप भरला, मापाला येता येईना, आणि ती उंचीला थेट बाबांएवढी. मग काय, आईने बाबांना झग्यात घातलं आणि स्टुलावर चढवलं. मिशा असलेली नवरी. आईला हसू आवरेना, तोंडात सगळ्या टाचण्या. बाबांचे पाय स्टुलावर लटपटत होते आणि ते जिवाच्या आकांताने ओरडत होते, 'तोंड उघडू नको म्हणतो ना!' तू दाराबाहेर पिशवी घेऊन उभा होतास आणि तुझ्या कानावर एवढंच पडलं. मग तू निघून गेलास, आणि त्या एका वाक्यावर सगळा जन्म उभा केलास.

आई दमायची. तिचे गुडघे शेवटी शेवटी वाकत नव्हते, तिला बाबांचा रागही यायचा, दोघं भांडायचेही. मी काही तुला देवाची जोडी विकत नाही. पण मुकी नव्हती रे ती. तिच्याइतकी बडबडी बाई मी दुसरी पाहिली नाही. टाचण्या डबीत टाकल्या की जी सुरू व्हायची ती जेवताना घास अडकेपर्यंत!

तर मी ठरवलंय. कॅसेट देते. कशी झाली ती कॅसेट तुला आठवतच असेल. तुझाच टेपरेकॉर्डर, तूच मला म्हणालास, मला आत येऊ देत नाहीत तर तू हा टेबलाखाली चालू करून ठेव, मला आईचं गाणं शिकायचंय. मी ठेवला. तू तो घ्यायला परत आलाच नाहीस. पहिल्या बाजूची नक्कल काढून सोबत पाठवते आहे. दुसरी बाजू माझ्याकडे राहील.

लाव सगळ्यांसमोर. अजिबात काटछाट न करता लाव. हॉलभर लोक बाबांची भीती ऐकतील, आईचं हसू ऐकतील, आणि तुझी मुकी तिथल्या तिथे मरेल. तू दोन वाक्यं बोललास तर तुझी थोडी अब्रू राहील, नाही बोललास तर तीही जाईल. मी येते आहे बघायला. पास पाठवू नको, मी तिकीट काढलंय.

पुतळा मिळणार नाही. त्याच्यावर गिऱ्हाइकाचा कोट आहे.

टाचणी


१७ फेब्रुवारी

दादा,

मी मागच्या रांगेत होते. तू मला पाहिलं नसशील.

दिवे गेले. आधी स्टुलाचा करकर आवाज आला, कापडाची सळसळ आली. मग आईचा हुंकार आला. घरी ऐकताना ती एवढीशी वाटते आणि तिथे ती हॉलभर झाली होती. मी मुठी आवळून बसले. म्हटलं, आता येईल. आता कळेल सगळ्यांना.

'तोंड उघडू नको म्हणतो ना!'

आणि हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. पुढच्या रांगेतला एक माणूस 'अरेरे' म्हणाला. मग आईला हसू फुटलं. ओठ मिटलेले, म्हणून नाकातून, धक्क्याधक्क्याने, आवरायचा प्रयत्न करत. अरे, मला ते हसू पाठ आहे! आणि माझ्या आजूबाजूला लोक रडायला लागले. त्यांना तो हुंदका वाटला. सगळ्यांना, एकजात सगळ्यांना. तू त्यांना आधीच सांगून ठेवलं होतंस ना काय ऐकायचं ते. मग ते दुसरं काय ऐकणार?

मी हसले. मुद्दाम, मोठ्याने हसले, आई हसतेय हे कुणाच्या तरी डोक्यात शिरावं म्हणून. तर शेजारच्या बाईने माझा हात धरला, तिचा रुमाल माझ्या मुठीत कोंबला आणि म्हणाली, 'रडा, रडा, मोकळ्या व्हा.' मी तिला म्हटलं, अहो मी हसतेय, ती माझी आई आहे, तीही हसतेय. ती म्हणाली, 'हो हो, होतं असं कधी कधी.' आणि माझी पाठ थोपटायला लागली!

मग दिवे आले आणि तू माईकपाशी आलास. खरं सांगते, तेव्हासुद्धा मला वाटत होतं की तू बोलशील. तू म्हणालास, 'हे माझे वडील.' बस. आणि टाळ्या.

ज्या माणसाने तुझ्यासाठी टेपरेकॉर्डर आणला, रात्री जागून गणवेशांचे गठ्ठे शिवून आणला, त्याच्या अब्रूची लक्तरं तू त्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या आवाजाने वेशीवर टांगलीस.

घरी आले. घड्याळवाले काका दुकान बंद करत होते. कार्यक्रम कसा झाला विचारलं. मी त्यांना म्हटलं, काका, बाबा चांगले होते हो. ते कुलूप लावता लावता म्हणाले, 'मुलगीच आहेस तू, तुला तसंच वाटणार.'

तर माझा डाव फसला. हॉलला काही कळणार नाही, गल्लीलाही कळणार नाही. ठीक आहे. मी उगाच सगळ्यांना ऐकवायला गेले. मला एकालाच ऐकवायला हवं होतं.

टाचणी


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'तू तेव्हा लहान होतीस, टेबलाखाली होतीस. तुला फक्त पाय आणि झग्याचा घेर दिसत होता. चेहरे तूही पाहिले नाहीस.'

खरं आहे. चेहरे नाही पाहिले मी. पण तू दाराबाहेर होतास, आणि मी आत होते. आता मला राखून ठेवलेलं वापरायचं आहे. हे पत्र सावकाश वाच. यात मी ओरडणार नाही.

आईचे हुंकार तीन होते. बाबांना ते माहीत होते, मला माहीत आहेत, आणि हे पत्र वाचून झालं की तुलाही माहीत होतील. मग ते तुला विसरता येणार नाहीत.

पहिला, एकाच सुरावर लांब धरलेला. तुझी मुकी त्याच्यावर सुरू होते, सगळ्या सारंग्या मिळून तो धरून ठेवतात. त्याला तू 'बंदिवास' म्हणतोस. आई त्यात म्हणायची, 'थांबा, बघू दे.' जरा मागे सरून, मान वाकडी करून, शिवण सरळ आली का बघताना.

दुसरा, खाली घसरणारा. तुझ्या मधल्या भागात तो परत परत येतो आणि लोक तिथेच रडतात. त्याला तू 'उसासा' म्हणतोस. त्याचा अर्थ 'उसवा'. चुकलंय, काढा, पुन्हा करा. रेडिओवर तो भाग लागला तेव्हा बाबा खुदकन हसून म्हणाले, 'अगं ऐक, उसवायला सांगतेय. डावी बाही असणार. डावी बाही माझी नेहमी चुकायची.' आणि तू तो सूर इतक्या वेळा घेतलास की ते म्हणाले, 'किती उसवायला लावतेय बघ बाई!' आता तू हॉलमध्ये उभा राहशील, समोर शेकडो माणसं डोळे पुसत असतील, आणि तुला एकट्याला ऐकू येईल: डावी बाही, डावी बाही, डावी बाही.

तिसरा वर जाणारा. तीन पायऱ्या चढून थांबणारा. तुझी मुकी त्याच्यावर संपते. मुलाखतीत तू म्हणालास, 'ते सूर वर जातात आणि तिथेच तुटतात, कारण तिला पुढे बोलायची परवानगी नव्हती. घर सोडताना जिन्यात मी ऐकलेला तो तिचा शेवटचा आवाज.' बरोबर ओळखलास. तोच तो. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते लिहिते. पहिली बाजू संपली तशी मी कॅसेट उलटली. बाबा स्टुलावरून उतरले. झगा अजून अंगात होता. दाराखालच्या फटीतून त्यांना तुझे पाय दिसले आणि पिशवीचा तळ दिसला. सकाळी तुमचं वाजलं होतं, आधी शिवण शीक मग गाणं, यावरून. मशीन बंद होतं, म्हणून ते हळू बोलले. इतकं हळू की दाराबाहेर जाणार नाही. पण टेबलाखाली गेलं. शब्द असे आहेत:

'पोरगं पिशवी घेऊन दाराशी उभंय. आत घेऊ का गं? शाईचे हात असतील. तसंच घेऊ?'

आणि आई तीन पायऱ्या चढून थांबते.

म्हणजे 'हो', दादा. वर जाणारा हुंकार म्हणजे हो. तू ज्याला तुटलेलं रडणं म्हणून जगभर वाजवलंस, ते तुला आत बोलावणं होतं. शाईच्या हातांसकट.

पुढे कॅसेटवर दाराचा आवाज आहे. बाबांनी दार उघडलं. तू जिन्याच्या खाली पोचला होतास. ते अंगातला झगा ओरबाडून काढत कोपऱ्यापर्यंत धावले, बोटात अंगुस्तान, गळ्यात पट्टी, आणि तसेच परत आले. झग्याचा खांदा फाटला होता. आईने टाचण्या थुंकल्या आणि काही बोलली नाही. तेवढं एकदाच ती खरोखर मुकी झाली. ते मात्र तुला ऐकू आलं नाही.

रेडिओवर तुझी मुकी संपली, ते तीन सूर लागले, तेव्हा बाबा उठले. काज करत होते ते बाजूला ठेवलं, दाराशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ते उघड्या दारात उभे राहिले, पुढचा कार्यक्रम सुरू झाला तरी.

सोबत दुसरी बाजू पाठवते आहे. ही मी तुला माफ केलं म्हणून पाठवत नाही. तू हे दर वेळी, प्रत्येक हॉलमध्ये, मरेपर्यंत ऐकावंस म्हणून पाठवते आहे.

टाचणी


१२ मार्च

दादा,

तुझ्या सेक्रेटरीचा फोन आला होता. सांगत होती, परवाच्या कार्यक्रमात शेवटच्या सुरांपाशी सरांनी वादकांना इशारे करायची हातातली काठी खाली ठेवली आणि हॉलच्या दाराकडे बघत उभे राहिले. वादक बिचारे वाजवत राहिले. लोकांना ते फार आवडलं, सगळे उठून उभे राहिले, म्हणाली. तिने विचारलं, सरांना बरं नाही का, तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी म्हटलं, नाही बाई.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीवर बसून दोन कप चहा प्याले.

आणि काल तू आलास.

मी गुडघ्यावर होते, पुतळ्यावर झगा, तोंडात टाचण्या. दाराखालच्या फटीत बूट दिसले. चांगले बूट होते. गिऱ्हाईक असं उभं राहत नाही, गिऱ्हाईक सरळ आत येतं. मला कळलं. तू दारावर एकदाच टकटक केलीस आणि इतक्या हळू विचारलंस, 'येऊ का गं?' की ते मलाही जेमतेम ऐकू आलं. बाबा तसंच बोलायचे, मशीन बंद असताना.

मला टाचण्या काढून बोलता आलं असतं. मी नाही काढल्या. मी हुंकार दिला. खाली घसरणारा.

तुझे बूट तिथेच राहिले. मग वळले आणि जिना उतरले. म्हणजे तुला कळलं. आता तुला कुठलाच हुंकार नुसता सूर म्हणून ऐकू येणार नाही, हे मी बघितलं आणि मग पुढची टाचणी लावली. ती वाकडी गेली.

फक्त एक तुझ्या मनात चुकीचं बसू नये म्हणून लिहिते. नाही तर आणखी एक रचना करून ठेवशील. ते 'नाही' नव्हतं. 'नाही'साठी आईकडे हुंकारच नव्हता. मी 'उसव' म्हटलं. जिथे शिवलंस तिथे, माईकवर, चारचौघांत, बँकेतल्या मॅडमच्या आणि घड्याळवाल्या काकांच्या कानावर जाईल असं, टाका न् टाका उसव. लोक नाही ऐकणार. तुझ्यावरच हसतील, मला जसं थोपटलं तसं तुला थोपटतील. तरी उसव.

मग ये. हात कसेही असले तरी चालतील.

टाचणी